लाकडी फ्लोअरिंग: चिकटवायचं की टाइलवर नुसतं बसवायचं?

ए-३०४: नमस्कार मंडळी. दोन्ही बेडरूमना लाकडी फ्लोअरिंग करायचंय, आईला थंड फरशीचा फार त्रास होतो. टाइल फोडायच्या नाहीयेत. सुतार म्हणतो चिकटवून टाकू, दुकानदार म्हणतो क्लिक-लॉक घ्या, वरच्या वर बसतं. कुणी करून घेतलंय का? पावसाळ्याआधी उरकायचंय.

बी-१०२: आधी सांग, लॅमिनेट की एंजिनिअर्ड वूड, म्हणजे प्लायवर खऱ्या लाकडाचा थर असलेलं? त्यावर सगळं ठरतं.

ए-३०४: लॅमिनेट काका, ८ एमएम.

बी-१०२: मग चिकटवायचा विषयच नको. लॅमिनेट म्हणजे आत दाबलेला लाकडाचा लगदा, वर छापील थर. पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून ते थोडं फुगतं आणि उन्हाळ्यात परत आवळतं, त्याला हलायला मोकळीक हवी. क्लिक-लॉकमध्ये फळ्या फक्त एकमेकींत अडकतात, खाली कशालाच जोडलेल्या नसतात, त्यामुळे सगळा पट्टा एकसंध हलतो. फ्लोटिंग म्हणतात ते हेच. टाइलवर आधी प्लास्टिक शीट, मग २-३ एमएमचा फोम, त्यावर फळ्या.

सी-६०१: आमच्या हॉलला एंजिनिअर्ड वूड आहे, ते मात्र आम्ही चिकटवलंय, पॉलियुरेथेन ग्लूने. चालताना पायाखाली भरीव वाटतं, पोकळ टकटक अजिबात नाही, मला तरी त्याचा फरक जाणवतो. पण आमचा कोबा नवीन होता, लेव्हल करून घेतला होता. जुन्या टाइलवर चिकटवलंत आणि उद्या काढायची वेळ आली तर टाइलसकट उखडावं लागेल, हे लक्षात घ्या.

ए-२०४: माझी एक विनंती. आमच्या डोक्यावरच तुमची बेडरूम आहे. वर खुर्ची सरकली तरी खाली ऐकू येतं, तर फोम चांगला घ्या हो, पातळ नको.

ए-३०४: नक्की काकू, आवाज कमी करणाराच अंडरले, म्हणजे खालचा फोम, घेतो, दुकानात तसंच सांगतो.

बी-१०२: वहिनी, तुमचं बरोबर आहे, पण फार जाड आणि मऊही नको, पाय पडला की फळी खाली दबते आणि जोडातली खाच तुटते. जाडीपेक्षा फोम घट्ट आहे का ते बघायचं.

डी-५०३: गावी आजोबांच्या माडीवर सागवानी फळ्या खिळ्यांनी ठोकल्यात, इतक्या वर्षांत हलल्या नाहीत. तसं नाही का करता येत?

बी-१०२: तिथे खाली लाकडी तुळया असतात, खिळा धरायला लाकूड मिळतं. इथे स्लॅबवर आधी रिपा माराव्या लागतील, जमीन दीड-दोन इंच उचलली जाईल, दारं कापावी लागतील, ड्रिल करताना कन्सील्ड पाइपला लागलं तर वेगळीच भानगड. शिवाय रिपांमधल्या पोकळीत वाळवी शिरली तर वरून कळतही नाही. फ्लॅटमध्ये नको रे.

सी-६०१: ए-३०४, तुमच्या एका बेडरूमची भिंत बाथरूमला लागून आहे ना? आधी ओल बघा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक टाइलच्या सांध्यांवर येईल असं पसरा, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि एक दिवस तसंच राहू द्या. खाली थेंब दिसले किंवा सांधे काळसर झाले तर आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फ्लोअरिंग नंतर.

बी-१०२: हे सगळ्यात महत्त्वाचं, ओल असेल तर कुठलीच पद्धत टिकत नाही. दुसरं म्हणजे भिंतीपासून ८-१० एमएम गॅप. काम चालू असताना समोर बसून बघ, कारण फिनिशिंग छान दिसावं म्हणून फळी भिंतीला घट्ट भिडवतात आणि मग ऑगस्टमध्ये खोलीच्या मधोमध फुगवटा येतो. गॅप स्कर्टिंगखाली झाकला जातो, पण स्कर्टिंग भिंतीला ठोकायची, फळीला नाही. दाराच्या चौकटीपाशीही गॅप सोडायला लावायचा, तिथेच नेमका विसरतात. बॉक्स आणल्यावर ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवायचे, आणलं की लगेच बसवायचं नाही.

ए-३०४: भिंतीतलं कपाट आहे काका, ते काढावं लागेल का?

बी-१०२: नाही, कपाटापर्यंत येऊन थांबायचं, तिथेही गॅप. फळ्यांवर फिक्स कपाट उभं केलंस तर ती बाजू दाबून धरली जाते आणि हलायची मोकळीक जाते. खोलीची दारं मात्र खालून रंधून घ्यावी लागतील, ८ एमएम अधिक फोम, म्हणजे साधारण सेंटीमीटरभर.

सी-६०१: आणि नंतर ओल्या पोछ्याने फरशी पुसायची नाही, मावशींना पहिल्याच दिवशी सांगा. फडका घट्ट पिळून, बस. पाणी सांडलं तर लगेच टिपायचं, जोडातून आत गेलं की कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत.

ए-३०४: ठरलं मग, फ्लोटिंगच. आज रात्रीच प्लास्टिक लावतो, परवा फोटो टाकतो इथे. ओल निघाली तर आधी प्लंबर.

सेक्रेटरी: काम सुरू करण्याआधी ऑफिसात अर्ज द्या. दुपारी २ ते ४ कटिंग बंद, आणि कटिंग पॅसेजमध्ये नको, भुसा लिफ्टच्या रुळात जातो.

ए-२०४: फोमचा नमुना आणलात की मलाही दाखवा हं.