सल्ला हवा: कॉर्नवॉलमध्ये सेंट पिरनसाठी नेमकं कुठे जावं?

रानवारा:
मार्चच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन लंडनहून कॉर्नवॉलला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला जातोय. कार नाही, ट्रेन आणि बसच. सेंट पिरन हा कॉर्नवॉलचा संरक्षक संत, त्याचा ५ मार्चचा सण गाठायचाय. नकाशात पेरनपोर्थ, पेरनझाबुलो, पेरनारवर्थल, पेरनउथ्नो अशी त्याच्या नावाची चार गावं दिसली. मुक्काम कुठे टाकू? बाबांना जुन्या वास्तूंचं वेड, आईचे गुडघे कुरकुरतात.

टिवल्याबावल्या:
ट्रुरो. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून थेट ट्रेन, पाच तारखेची मिरवणूक तिथेच, पेरनपोर्थची बसही मिळते. चारही गावं करायच्या फंदात पडू नका. पेरनारवर्थल फाल्मथच्या रस्त्यावर आहे, बसच्या खिडकीतून पाहिलंत तरी पुरे. पेरनउथ्नो पार पेन्झन्सकडे, दक्षिण किनाऱ्यावर. तिथल्या बीचचं नाव पेरन सँड्स आणि पेरनपोर्थच्या हॉलिडे पार्कचंही पेरन सँड्स! बुकिंगआधी पोस्टकोड तपासा.

माजघर:
बाबांसाठी पेनहेल सँड्स, म्हणजे पेरनपोर्थच्या उत्तरेच्या वाळूच्या टेकड्या. पिरनचं चिमुकलं प्रार्थनाघर इथे वाळूत गडप झालं होतं. १९व्या शतकात उकरलं, १९१० मध्ये त्यावर काँक्रीटचं कवच घातलं, १९८० मध्ये पुन्हा पुरलं आणि २०१४ मध्ये परत मोकळं केलं. एवढी उस्तवार होऊनही हाती लागतात त्या बुटक्या भिंतीच. हिवाळ्यात आत पाणीही साचतं. मला विचाराल तर जवळचा दगडी क्रूस जास्त बघण्यासारखा. माथ्यावर चार भोकं कोरायला घेतलेली, त्यातली तीनच आरपार गेलीत. सणाच्या जवळच्या रविवारी लोक काळ्यावर पांढरा क्रूस असलेले झेंडे घेऊन इथवर चालत येतात. मिरवणुकीपेक्षा मला हेच आवडतं.

पाटावरवंटा:
झेंड्याची गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. पिरनच्या चुलीतल्या काळ्या दगडातून पांढरं कथील वितळून बाहेर आलं म्हणे, म्हणून तो कथील खाणकामगारांचा संत. आयर्लंडात त्याला जात्याच्या दगडाला बांधून समुद्रात लोटलं, तर दगडच तरंगत पेरनपोर्थला लागला! बाकी स्वारी पिण्यातही पट्टीची होती, असं तिथलेच लोक कौतुकाने सांगतात.

रानवारा:
झकास, ट्रुरो पक्कं. आईला टेकड्या जमतील?

माजघर:
अजिबात नको, भुसभुशीत वाळूत चढउतार फार. ओहोटीची वेळ बघून पेरनपोर्थच्या बीचवर न्या, ओली वाळू सपाट आणि टणक असते. वारा मात्र बोचरा. कानटोपी विसरू नका.