घरातलं हायड्रोपोनिक (मातीशिवाय, खताच्या पाण्यावर वाढवलेलं) लेट्यूस: पंधरा दिवस झाले, रोपं दोन पानांवरच अडली

प्रश्न (वाफा_२४): पुण्यात बंद खोलीत ४० लिटरच्या टबवर थर्माकोलची तरंगती शीट, २४ नेट कप (जाळीदार कप), त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) ४८०. खत (ए आणि बी अशा दोन वेगळ्या भागांत येणारं) घातल्यावर ९००. पीएच ७.४. रोज ॲसिड घालून ६ वर आणतो, दुसऱ्या दिवशी परत ७ च्या वर. २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब रोपांपासून ४५ सेंमीवर, १२ तास. देठ लांबुडके, नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या. खत वाढवू का?

बिनमातीचा: खत अजिबात वाढवू नका. ९०० मधले ४८० तुमच्या बोअरचेच आहेत, म्हणजे खत जेमतेम ४२० चं आहे, आणि तरी मुळांवर क्षारांचा ताण मात्र पूर्ण ९०० चा. बहुतेक टीडीएस पेन ईसीला (पाण्याची विद्युतवाहकता, mS/cm) ५०० ने गुणून टीडीएस दाखवतात. त्या हिशेबाने तुमचा ईसी १.८ झाला. या वयाच्या लेट्यूसला ०.६ ते ०.८ पुरे.

पीएच परत चढतो तो बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे (ॲसिड शोषून घेणारा क्षार). ॲसिड त्यातला थोडाच भाग संपवतं, उरलेला पुन्हा पीएच वर नेतो. नव्या पानांचा पिवळेपणा लोहाचा आहे: साध्या खतात ईडीटीए या संयुगाने धरून ठेवलेलं लोह पीएच ६.५ च्या वर टिकत नाही. लोह टाकीत असतं, रोपाला मिळत नाही.

टब रिकामा करा. ३० लिटर आरओ आणि १० लिटर बोअर मिसळलं की टीडीएस १५० च्या आसपास येईल. आधी ए पूर्ण ढवळा, मग बी. दोन्हींची घट्ट द्रावणं एकमेकांत ओतलीत तर कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटबरोबर साका होऊन तळाशी बसतं. शेवटी पीएच ५.८. आरओमुळे पाण्यात बायकार्बोनेट आता कमी आहे, पीएच पटकन घसरेल, तेव्हा पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबानेच, आणि दर वेळी अर्धा तास थांबून मोजा. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

हिरवा_कोपरा: पाण्याचं पटलं, पण लांबुडके देठ पाण्यामुळे नाहीत, उजेडामुळे आहेत. ट्यूब १५-२० सेंमीवर आणा, टायमर १६ तासांवर. मोबाइलच्या लक्स ॲपवर पानाच्या उंचीला १२ ते १५ हजार दिसायला हवेत; पांढऱ्या एलईडीसाठी अंदाजाला एवढं चालतं. दोन ट्यूबमध्ये चोवीस कपांना तेवढं मिळणार नाही. ट्यूब वाढवा नाहीतर कप कमी करा.

मुळं कशी आहेत? हवेचा पंप आहे का?

वाफा_२४: पंप नाही. मुळं आखूड, टोकं तपकिरी. पाणी २९ अंश.

हिरवा_कोपरा: मग पहिलं काम तेच. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, आणि गरम पाण्यात मुळांची भूक उलट वाढते. पिथियम (मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग) अशाच पाण्यात धरतं. मत्स्यटाकीचा हवेचा पंप एअर स्टोनसह (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू ठेवा, गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या सोडून तापमान २२ पर्यंत आणा. कोकोपीट सतत भिजलेलं असेल तर शीट थोडी उचला. मुळं खाली उतरलीत, कपाचा तळ आता पाण्यात नको.

बिनमातीचा: तपकिरी टोकं बोटांत चुरली, वास आला, तर ती रोपं काढा आणि टब धुऊन घ्या. पांढरी नवी मुळं फुटली तर आठवड्यात फरक दिसेल. तोवर नवी पेरणी करून ठेवा: कोकोपीट निचऱ्याचं पाणी टीडीएस २०० च्या खाली येईपर्यंत धुवायचं, बी पृष्ठभागावरच ठेवायचं, झाकायचं नाही (लेट्यूसला उगवताना उजेड लागतो), आणि पहिले दोन दिवस ट्रे २० अंशांच्या जवळपास. ३० अंशांना लेट्यूसचं पुष्कळ बी उगवतच नाही.