केंटकीबाहेरची बर्बन म्हणजे बर्बन नाही का? अन् गव्हाची आवडली तर चूक का?

महालचा_भाऊ:
नमस्कार मंडळी. परवा धंतोलीत मित्राकडे बसलो होतो, त्याचा साळा आलेला, तो अमेरिकेच्या केंटकी राज्यात लुईव्हिलला राहते. मी म्हटलं मला मेकर्स मार्क आवडते, ती गव्हाची बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की, त्यात थोडा गहू), गोडसर आहे, घशाला लागत नाही. तर तो म्हणे ही नवशिक्यांची, खरी बर्बन म्हणजे राय (गव्हासारखं एक धान्य) जास्त असलेली, अन् तीही केंटकीचीच, दुसरीकडे बनवली तर तिला बर्बन म्हणायचंच नाही. मी चूप बसलो पण तेव्हापासून डोक्यात घोळून राहिलं आहे. कोणाला माहीत असेल तर नीट सांगा.

काटोल_रोडवाला:
भाऊ, नियमात केंटकीचं नावच नाही. १९६४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं बर्बनला देशाची खास वस्तू ठरवलं, म्हणजे देशाची, एका राज्याची नाही. अट काय तर धान्यात किमान ५१ टक्के मका, ओकचं नवीन आतून जाळलेलं पिंप, पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल नाही, अन् रंग-चव वरून टाकायची नाही. न्यूयॉर्क, टेक्सासमध्येही बनते.

तरी केंटकीवाल्यांचा अभिमान खोटा नाही बरं. तिथलं पाणी चुनखडीतून येते, त्यात लोह नसते, अन् लोह असलं की दारूचा रंग-चव बिघडते. उन्हाळा कडक, हिवाळा गार, त्यामुळे दारू लाकडात शिरते अन् परत बाहेर येते, व्हॅनिला अन् जळक्या साखरेचा वास तिथूनच. आपल्याला उन्हाचं सांगायलाच नको, बंगळूरला अमृत व्हिस्कीवाल्यांच्या पिंपातून वर्षाला १० टक्क्यांच्या वर दारू उडून जाते म्हणतात, नागपूरच्या मे महिन्यात काय होईल विचार करा.

आता आपलं संत्रं घ्या. नागपुरी नावाला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, पण बागा काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडे. वरुडचा शेतकरी आपलं संत्रं नागपुरी म्हणते तर आपण त्याला खोटं म्हणतो का?

प्रतापनगरची_ताई:
दादा, तुम्ही चूप बसायलाच नको होतं! मेकर्स मार्क लोरेटो गावात बनते, लोरेटो केंटकीतच आहे. त्यात ७० टक्के मका, १६ टक्के गहू अन् बाकी माल्ट केलेलं (मोड आणून वाळवलेलं) सातू, राय नाहीच. अन् ज्या पॅपी व्हॅन विंकलसाठी लोक तिकडे रांगा लावतात तीही गव्हाचीच. मग गव्हाची नवशिक्यांची कशी?

मला स्वतःला राय जास्त असलेली आवडते, फोर रोझेस बर्बनच्या एका धान्य-मिश्रणात ३५ टक्के राय आहे, मिरी-लवंगेसारखी लागते. पण सावजी मटण असलं तर ती मी घेत नाही, तिखटावर कडक दारू घेतली की जळजळ अजून वाढते, तेव्हा तुमची गव्हाचीच बरी पडते, थोडं पाणी घालून. ताटात काय आहे ते पाहून ठरवायचं, कोण काय म्हणते ते ऐकून नाही.

काटोल_रोडवाला:
ताईचं बरोबर आहे. अजून एक, जॅक डॅनियल्सलाही लोक बर्बन म्हणतात, पण ते स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवतात. पिंपात भरायच्या आधी दारू मेपलच्या कोळशातून गाळतात. मका ८० टक्के आहे, तरी नाव वेगळं ठेवलं, तोही त्यांचा गावाचा अभिमानच.

महालचा_भाऊ:
मनापासून आभार दोघांचे. काल घरी बायकोला दोन ग्लास झाकून भरायला लावले, एकात गव्हाची, एकात राय वाली, तीनदा अदलाबदल केली. तिन्ही वेळा मी गव्हाचाच उचलला. जीभ माझी आहे, आता हे मी बिनधास्त सांगीन. साळा रविवारी परत चालला, शनिवारी त्याच्यासमोर तीन ग्लास झाकून ठेवतो. त्यातला तिसरा केंटकीबाहेरचा पाहिजे. नागपुरात सध्या कोणती मिळून राहिली आहे, कोणी पाहिली असेल तर सांगा.