आठवड्यातून दोन दिवस, एकच सेट, पण अंगातलं त्राण संपेपर्यंत: अंग भरायला एवढं पुरतं का?

लोकलप्रवासी (डोंबिवली)

माझं म्हणणं थेट मांडतो. नोकरी करणाऱ्या माणसाला अंगावर स्नायू चढवायचे असतील तर आठवड्यातले दोन दिवस आणि दर खेपेला अर्धा तास पुरतो. अट एकच: प्रत्येक व्यायामाचा एक सेट, म्हणजे न थांबता सलग केलेल्या उचलींचा एक फेरा, पण तो असा घ्यायचा की पुढची रेप, म्हणजे पुढची एक उचल, जिवाचा आटापिटा करूनही होणार नाही.

आपल्याकडे जिममध्ये नाव घातलं की पहिल्याच दिवशी हातात सहा दिवसांचा तक्ता पडतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, प्रत्येकाचे चार-चार व्यायाम, प्रत्येक व्यायामाचे चार सेट. रात्री साडेआठला घरी पोचणारा माणूस हे दोन-तीन आठवडे रेटतो. मग एक दिवस हुकतो, मग आठवडा हुकतो, आणि वर्षाची फी भरलेली असूनही तो पुन्हा तोंड दाखवत नाही. वर स्वतःलाच आळशी म्हणवून घेतो. खरं तर तो तक्ताच त्याच्या आयुष्यात बसणारा नव्हता.

ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत आर्थर जोन्स यांनी १९७० मध्ये नॉटिलस यंत्रं बाजारात आणली. नॉटिलस शंखासारख्या आकाराची कप्पी लावून त्यांनी अशी सोय केली की हालचालीच्या प्रत्येक टप्प्यावर स्नायूवर भार राहावा. कमी सेट, पूर्ण जोर आणि भरपूर विश्रांती हा त्यांचा आग्रह. शरीरसौष्ठवपटू माइक मेंट्झर यांनी तो पुढे नेला आणि १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया ही शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकलेल्या डोरियन येट्स यांनी तो रंगमंचावर दाखवला.

शरीर आधी स्नायूतले लहान तंतू कामाला लावतं. भार जड असेल किंवा थकवा चढत जाईल तसे मोठे तंतू ओढले जातात, आणि वाढायची ताकद त्यांच्यातच जास्त. लेग प्रेसचा, म्हणजे पायांनी वजनाचा पाट ढकलायच्या यंत्राचा, एक सेट नीट करून बघा. खाली आणताना चार सेकंद, वर ढकलताना झटका नाही, वर पोचल्यावर गुडघे ताठ करून दम खायचा नाही. पहिल्या पाच-सहा रेप्स सहज जातात. आठवीपासून मांड्या पेटतात. दहावी अर्ध्यात रेंगाळते, पाट बोटभर सरकतो, थांबतो, परत बोटभर सरकतो. अकरावी सुटतच नाही, तरी पाच-सात सेकंद ढकलत राहायचं आणि मग सावकाश खाली यायचं. यानंतर लगेच उठून दुसरा सेट लावावासा वाटला, तर पहिला झालाच नव्हता असं समजा.

आकडेमोड

तळमळ पोचली, पण पुरावा तुमच्या बाजूने तितका नाही.

पहिलं, या पद्धतीची जाहिरात ज्या प्रयोगावर झाली तो बघा. मे १९७३, कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी, फोर्ट कॉलिन्स. जोन्स यांनी जाहीर केलं की केसी व्हायटर या शरीरसौष्ठवपटूने २८ दिवसांत ६३ पौंड स्नायू कमावले. हा गडी आधीच तयार अंगाचा होता. अपघातात बोट गेलं, त्यानंतरच्या इंजेक्शनची विपरीत प्रतिक्रिया आली आणि त्यात त्याचं वजन खूप उतरलं होतं. म्हणजे गमावलेलं अंग परत आलं. एकदा कमावलेला स्नायू परत मिळवणं नव्याने कमावण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. डोंबिवलीच्या नोकरदाराला त्यातून काय कळणार?

दुसरं, २०१७ मध्ये व्यायामाचे संशोधक शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. एका स्नायूला आठवड्यात पाचपेक्षा कमी सेट मिळाले तर सरासरी वाढ ५.४ टक्के, पाच ते नऊ सेटना ६.६, दहा किंवा जास्त सेटना ९.८ टक्के. सेट वाढले तशी वाढ वाढली. यात मतामतांचा प्रश्न उरत नाही.

बर्मिंगहॅमवासी

येट्स यांच्याबद्दल थोडं, कारण त्यांचं टेंपल जिम याच शहरातलं. त्यांचं नाव घेऊन 'अर्धा तास पुरतो' म्हणणं बरोबर नाही. ते आठवड्यातून चार दिवस व्यायाम करायचे. जीव तोडून घ्यायचा सेट एकच असला तरी त्याआधी चढत्या वजनाचे तयारीचे सेट असायचे, आणि एकेका स्नायूला तीन-चार वेगवेगळे व्यायाम मिळायचे. स्टेरॉइड घेतल्याचं त्यांनी स्वतः उघडपणे सांगितलं आहे. आणि त्या तीव्रतेची किंमतही मोजली: १९९४ मध्ये बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) फाटला, १९९७ मध्ये ट्रायसेप्स (दंडाचा मागचा), आणि कारकीर्द तिथेच थांबली. माणूस थोर आहे, पण त्यांचं उदाहरण सामान्य माणसासमोर ठेवताना हे सगळं सोबत ठेवावं.

लोकलप्रवासी (डोंबिवली)

येट्स यांच्याबद्दलचं मान्य. माझा दावा त्यांच्या दंडावर उभा नाहीच. आकडेमोड यांनी दिलेल्या आकड्यांवरच मी तो उभा करतो.

पाचपेक्षा कमी सेटना ५.४ आणि दहा किंवा जास्तना ९.८. म्हणजे निम्म्याहून कमी कामात निम्म्याहून जास्त फळ. ज्याला स्पर्धेच्या मंचावर उभं राहायचं आहे त्याने उरलेल्या ४.४ टक्क्यांसाठी खुशाल झगडावं. ज्याला चाळिशीत पाठ ताठ हवी, मांडीवर मांस हवं आणि शनिवारी मुलांसोबत वेळ हवा, त्याच्यासाठी पहिला भागच मोलाचा. शिवाय दोन दिवसांत एकेकच सेट असला तरी स्नायूच्या वाट्याला दोनच येतात असं नाही. रोईंग आणि पुलडाउन या ओढायच्या दोन्ही व्यायामांत बायसेप्स राबतो, बेंच प्रेस आणि डिप्स या ढकलायच्या दोन्हींत ट्रायसेप्स. ती बेरीज चारवर जाते.

याच शोनफेल्ड यांच्या गटाचा २०१९ चा अभ्यास घ्या. आधीपासून व्यायाम करणारे ३४ पुरुष, आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, दर व्यायामाला एक, तीन किंवा पाच सेट. एक सेटवाल्यांचा व्यायाम साधारण १३ मिनिटांत उरकायचा. ताकद तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली.

आणि नेदरलँड्समधल्या एका स्टुडिओ साखळीच्या नोंदी: जवळपास १५,००० माणसं, आठवड्यातून एकदा, सुमारे २० मिनिटं, यंत्रावरचे सहा व्यायाम, प्रत्येकी एक संथ सेट. पहिल्या वर्षात ताकद ३० ते ५० टक्क्यांनी वाढली. काहींच्या नोंदी जवळपास सात वर्षांच्या आहेत. सात वर्षं! सहा दिवसांच्या तक्त्यावर सात वर्षं टिकलेली साधी नोकरदार माणसं मला दाखवा.

आकडेमोड

दोन्ही अभ्यासांचा अर्धाच भाग सांगितलात. २०१९ च्या अभ्यासात ताकद सारखी वाढली हे खरं, पण स्नायूंची जाडी मोजली तेव्हा जास्त सेटवाले पुढे होते. धाग्याचं नाव 'अंग भरायला पुरतं का' असं आहे, 'ताकद यायला' असं नाही. नेदरलँड्सच्या नोंदींत स्नायू मोजलेलेच नाहीत, यंत्रावरचं वजन तेवढं मोजलंय. त्याच यंत्रावर तेच वजन ढकलण्याचं कसब वाढलं तरी आकडा वाढतो. शिवाय पहिल्या वर्षानंतर तो आलेख जवळजवळ आडवा होतो. ज्याला पुढे जायचंय त्याने तिथे काय करायचं? यावर तुम्ही अजून काही बोलला नाहीत.

तालीमकर (कोल्हापूर)

भावा, तुम्ही सगळे यंत्रांचंच बोलताय. गंगावेस म्हणा, मोतीबाग म्हणा, आमच्या तालमींत पोरांच्या मांड्या कशानं तयार झाल्या? जोर-बैठकांनी. शेकड्यांनी बैठका, रोज पहाटे. वर कुस्तीच्या हौदातली माती उकरायची, मेहनत करायची, मग जोड, म्हणजे जोडीदाराबरोबर कुस्ती. एक सेट मारून गेला असता तर वस्तादानं परत उभा केला असता. मेहनत वाढवल्याशिवाय अंग धरत नाही, हे आमच्याकडं पोराटोरालाही ठाऊक आहे.

आणि खुराकाचं कुणीच बोललं नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, दुपारची गाढ झोप. तुमच्या डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. तीव्रतेनं काय होणार?

लोकलप्रवासी (डोंबिवली)

तालीमकर, खुराकाचं सोळा आणे खरं. वजनाच्या दर किलोला रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं मिळाली की वाढीला पुरेसं होतं, असं आजवरचे अभ्यास सांगतात. ६५ किलोच्या माणसाला १०० ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वरणभातावर हे भागत नाही. दूध, दही, अंडी, पनीर, सोयाबीन, मासे यांतलं काहीतरी ठरवून खावंच लागतं.

पण बैठकांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये तुलना झाली होती: उचलता येईल त्या कमाल वजनाच्या ३० टक्के आणि ८० टक्के. हलकं वजनही पाय उचलेनासे होईपर्यंत नेलं, तेव्हा मांडी जवळपास तितकीच वाढली. पैलवानाच्या शेवटच्या वीस-तीस बैठकाच त्याचं खरं काम करतात. आधीच्या शेकडो बैठका दम आणि चिवटपणा देतात. ते कुस्तीला हवंच, पण मला कुस्ती खेळायची नाही.

तालीमकर (कोल्हापूर)

शेवटच्या वीसपर्यंत पोचायला आधीच्या शंभर माराव्या लागतात की ओ! त्या वगळून कशा चालतील?

लोकलप्रवासी (डोंबिवली)

पाठीवर वजन घेतलं की शंभरच्या दहा होतात. एवढंच म्हणतोय.

सातारचा डॉक्टर

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटली आहे. त्याच मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ मध्ये पाच शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत नळी घालून जड व्यायामाच्या वेळचा रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये सरासरी ३२०/२५० आला. एकाचा ४८०/३५० च्याही वर गेला. ती तरुण, सवयीची माणसं होती आणि श्वास कोंडून जोर लावत होती.

माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या कितीतरी पुरुषांना आपला रक्तदाब वाढलाय याचा पत्ताच नसतो. त्यांनी हा धागा वाचून उद्या लेग प्रेसवर अकरावी रेप सात सेकंद ढकलत राहावी, हे मला धोक्याचं वाटतं. नियमित व्यायामाने रक्तदाब कालांतराने थोडा उतरतो, म्हणून मी वजनांच्या विरोधात मुळीच नाही. पण आधी तपासून घ्या. श्वास कोंडू नका, जोर लावताना तोंडाने सोडा. हर्निया, काचबिंदू किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर अंतिम टोकापर्यंत जाणं नकोच.

उषाताई (नाशिक)

मी अठ्ठावन्न वर्षांची. हाडं ठिसूळ व्हायला लागल्याचं तपासणीत कळलं. जिममधला मुलगा दोन-दोन किलोची डंबेल हातात देतो आणि म्हणतो, काकू, या वयात एवढंच. वरची चर्चा वाचून प्रश्न पडला: माझ्यासारखीने जड उचलावं की नाही?

वजनकाटा (पुणे, ट्रेनर)

उषाताई, उचलावं, पण शिकून आणि देखरेखीखाली. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात १०१ स्त्रियांवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या, सरासरी वय पासष्ट. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. डेडलिफ्ट (खालचं वजन उचलत सरळ उभं राहणं), स्क्वॉट (पाठीवर बार घेऊन बैठक), डोक्यावर बार ढकलणं, आणि बारला धरून उडी मारून खाली उतरणं. वजन कमाल ताकदीच्या ८५ टक्क्यांहून जास्त, पाच रेप्सचे पाच सेट. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. दुखापत म्हणावी तर एकीची पाठ थोडी धरली होती. दोन किलोची डंबेल देणाऱ्या मुलाला हे जरूर सांगा.

लोकलप्रवासी, यात तुमचा अर्धा तास आहे आणि तुमचे दोन दिवसही आहेत. पण एकच सेट नाही, आणि त्राण संपेपर्यंतही नाही. जड वजन, मोजक्या रेप्स, प्रत्येक रेप नीट, आणि सेट संपला तरी अंगात एक-दोन रेप्स शिल्लक. माझा विरोध तुमच्या वेळेला नाही, शेवटच्या त्या न सुटणाऱ्या रेपला आहे. नवशिक्याला फेल्युअर, म्हणजे पुढची रेप न सुटण्याचं टोक, कुठे येतं हेच कळत नाही. अंग थकण्याआधी त्याची पाठ वाकडी होते, आणि तो त्यालाच जोर समजतो. लेग प्रेसवर चालून जाईल, तिथे खाली अडसर असतो. बार पाठीवर असताना हीच हौस महागात पडते. माझ्याकडे मी पहिले तीन महिने कुणालाही टोकापर्यंत जाऊ देत नाही.

लोकलप्रवासी (डोंबिवली)

वजनकाटा, मोकळ्या बारच्या बाबतीत तुमचं मानतो. टोकापर्यंत जायचं ते यंत्रावर किंवा अडसर लावलेल्या रॅकमध्येच. पण दोन रेप्स शिल्लक ठेवा असं सांगितलं की माणसं सहा शिल्लक ठेवतात. कोणत्याही जिममध्ये संध्याकाळी उभं राहून बघा: दहाचा आकडा आला की वजन खाली, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. मग ट्रेनर सेट वाढवतो. एकदा तरी खरं टोक गाठल्याशिवाय दोन शिल्लक म्हणजे किती, हे त्या माणसाला कुठून कळणार?

आणि आकडेमोड, आलेख आडवा झाल्यावर काय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी झोप आणि प्रथिनं तपासावीत. ती ठीक असतील तर ज्या स्नायूची वाढ अडली आहे त्याला एक सेट वाढवावा, बाकीच्यांना नाही.

आकडेमोड

म्हणजे सेट वाढवायचाच. मग भांडण एवढंच उरलं की पहिल्या दिवशी वाढवायचा की अडल्यावर.

वजनकाटा (पुणे, ट्रेनर)

उषाताई, सुरुवातीला बार नकोच. डेडलिफ्ट शिकताना केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला वजनाचा गोळा, दोन विटांवर ठेवा, म्हणजे फार खाली वाकावं लागणार नाही. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं जमलं की एक वीट काढा. मणक्याचा एक्स-रे झाला नसेल तर त्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, जुनं न कळलेलं फ्रॅक्चर असेल तर व्यायाम बदलावा लागतो.