दुबईत ब्रिटिश शाळा की सीबीएसई? लेक सहावीत आहे, शाळा म्हणतेय यिअर ६

नमस्कार मंडळी, नवऱ्याला दुबईत ३ वर्षांचं काँट्रॅक्ट मिळालंय, ऑगस्टमध्ये निघायचंय. मुलगी पुण्यात स्टेट बोर्ड इंग्लिश मीडियमला, जूनपासून सहावीत. एका ब्रिटिश शाळेत अर्ज केला तर ते म्हणाले वयाप्रमाणे यिअर ६ मिळेल. मी गुगल केलं तर यिअर ६ म्हणजे आपली पाचवी! मग पाचवी परत करायची का? जन्म नोव्हेंबरचा आहे. कंपनी फीचा काही भाग देणारे, पूर्ण नाही. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, सासूबाई रोज विचारतायत.

बरदुबईकर
ताई, शाळा बरोबर सांगतेय. ब्रिटिश पद्धतीत १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा गट धरतात, ३१ ऑगस्टला ११ पूर्ण असतील तरच यिअर ७. तुमच्या लेकीला ११ नोव्हेंबरमध्ये होतील, आपल्याकडे मात्र डिसेंबरपर्यंतचं वय चालतं म्हणून ती पुढे आहे. पोरीला त्रास काही नाही उलट बरंच, यिअर ७ पासून सेकंडरी सुरू होतं आणि तोवर ती रुळलेली असेल. खरी अडचण परत येताना! यिअर ६, ७, ८ करून आलात तर ती आठवीत बसेल आणि तिच्या मैत्रिणी नववीत. ३ वर्षांनी नक्की परत यायचं असेल तर मी सरळ इंडियन (सीबीएसई) शाळा बघेन. तिथलं वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणजे ऑगस्टमध्ये मधेच घुसावं लागेल, सीट मिळेल का ते आधी विचारा.

मनीषा_शारजाह
काँट्रॅक्ट ३ वर्षांचं असतं हो, आम्ही पण ३ वर्षांसाठी आलो होतो, आता ११ वं चालू आहे 😄 माझा मुलगा ब्रिटिश शाळेत आहे, आता आयजीसीएसई (ब्रिटिश पद्धतीतली दहावी) म्हणजे यिअर १० आणि ११. हा कोर्स २ वर्षांचा असतो त्यामुळे त्याच्या मध्यात मुलाला अजिबात हलवू नका, ना इकडून तिकडे ना तिकडून इकडे. शिक्षक बरेचसे ब्रिटनहून आलेले, २ वर्षांच्या काँट्रॅक्टवर, लळा लागला की निघाले. वर्गात गोरी मुलं कमीच, आपली, पाकिस्तानी, लेबनीज, इजिप्शियन सगळी. अरबी शिकावीच लागते, ते ब्रिटिश शाळेतही सुटत नाही. मराठी मात्र तुम्हालाच घरी टिकवावी लागेल, माझा मुलगा आजीला फोनवर "वॉटा" म्हणतो आणि आजी वाटी शोधते.

हिशेबी_काका
फीचं कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. चांगल्या ब्रिटिश शाळेत सेकंडरीची फी वर्षाला ५० हजार दिरहमच्या पुढे सहज जाते, वर बस, युनिफॉर्म, ट्रिपा. केएचडीए म्हणजे दुबईतल्या खाजगी शाळांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर प्रत्येक शाळेची मंजूर फी आणि इन्स्पेक्शनचं रेटिंग दोन्ही दिसतं, ते आधी बघा, मग शाळेचे ब्रोशर. आणि ऑफर लेटरमध्ये "शिक्षण भत्ता" इतकंच असेल तर आकडा, किती मुलांसाठी आणि वर्षाला वाढणार का, हे लेखी घ्या. आमच्या कंपनीने भत्ता गोठवला, फी मात्र वाढत राहिली, पुढचं काय सांगू.

बरदुबईकर
काकांना अनुमोदन. ताई अजून एक, डॉक्टर-इंजिनिअर डोक्यात असेल तर ए लेव्हल (ब्रिटिश पद्धतीतली अकरावी-बारावी, यिअर १२-१३) करणाऱ्या मुलांना नीट-जेईईचा अभ्यास वेगळाच करावा लागतो. एनआयटीत आखाती देशांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी सीआयडब्ल्यूजी नावाचा कोटा आहे, पण त्यालाही जेईई मेन द्यावीच लागते. आणि टीसीवरचे अटेस्टेशनचे शिक्के पुण्यातून निघायच्या आधी करून घ्या, इथून धावपळ होत नाही.

प्रश्नकर्ती
खूप थँक्यू सगळ्यांना 🙏 नवऱ्याला विचारलं, काँट्रॅक्ट वाढणार का, तर म्हणतो "बघू". आज २ इंडियन शाळांना मेल टाकलाय सहावीच्या सीटसाठी, सीट नाही मिळाली तर यिअर ६. मनीषाताई तुम्हाला मेसेज केलाय, बघाल का?