सल्ला हवा: आश्रमशाळेच्या वसतिगृहात सिकलसेलची मुलं, नेमकी काय तयारी ठेवावी?

घाटावरचा_अधीक्षक

राम राम मंडळी. धडगाव तालुक्यातली निवासी आश्रमशाळा, पहिली ते दहावी. सिकलसेलच्या (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार) तपासणीचं पथक यादी देऊन गेलं. ३ मुलं ‘एसएस’ (आजार असलेली), १९ ‘एएस’ (नुसती वाहक), आणि ६ जणांपुढे नुसतं ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’. ग्रामीण रुग्णालय गाडीने पाऊण तास; पावसात घाटात दरड आली तर किती वेळ लागेल सांगता येत नाही. विचारायचं एवढंच:

त्या सहा जणांना काय समजायचं? कपाटात काय ठेवायचं? रात्री दोन वाजता मूल ‘हाडं दुखतात’ म्हणालं तर सकाळची वाट बघायची की गाडी काढायची? आणि शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात (लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी), ती यांनाही द्यायची का?

‘सकस आहार द्या, पुरेशी विश्रांती द्या’ हे पत्रकात वाचून झालंय. त्यापुढचं सांगा.

जांभळं_झाकण

पहिल्या प्रश्नापुरतं माझ्याकडून.

सोल्युबिलिटी म्हणजे २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त टाकायचं, ५ मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड धरून बघायचं. रेघा दिसल्या नाहीत तर पॉझिटिव्ह. यातून रक्तात ‘एस’ (सिकलचं) हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. मूल वाहक आहे की आजारी, हे ही तपासणी सांगतच नाही. त्यामुळे तुमच्या सहा जणांचा निकाल अजून लागलेला नाही असं धरा.

ही तपासणी चुकते कुठे, तेही बघा. द्रावणातलं डायथायोनाइट हवेने मरतं, जुन्या बाटलीवर खरा पॉझिटिव्हही निगेटिव्ह येतो. फ्रिजमधून काढून थंडच वापरलं तरी तोच घोळ. हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली असेल तर २० ऐवजी ४० मायक्रोलिटर रक्त घ्यावं लागतं, नाहीतर गढूळपणा दिसण्याइतका ‘एस’ नळीत नसतोच. म्हणजे सगळ्यात फिकट मूलच निसटायची भीती. यादीत ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं पण पांढरंफटक, वारंवार दुखणं काढणारं मूल असेल तर त्याचंही रक्त पुन्हा पाठवा.

पक्कं निदान एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारं यंत्र). जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ मिली रक्त, नळी ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट (झटकायची नाही), शीतपेटीत २ ते ८ अंशांवर. बर्फाच्या पिशवीला नळी चिकटली की रक्त गोठून फुटतं आणि नमुना वाया जातो. मध्ये कागदाची घडी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तसं फॉर्मवर ठळक लिहा. चढवलेलं रक्त दुसऱ्याचं, त्यात ‘ए’ (नेहमीचं हिमोग्लोबिन) असतो. मग एसएसचं मूल आलेखावर एएससारखं दिसतं, ‘वाहक आहे, काही नाही’ म्हणून घरी जातं. साधी खूण सांगतो: खऱ्या वाहकात ‘ए’ नेहमी ‘एस’पेक्षा जास्त असतो, ‘एस’ साधारण ३० ते ४० टक्के. रिपोर्टवर एएस लिहिलंय पण ‘एस’चा आकडा ‘ए’च्या वर आहे, तर एकतर रक्त चढवलेलं आहे किंवा जोडीला बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) आहे. अशा वेळी आईबापांचं रक्त तपासल्याशिवाय शिक्का मारू नये.

रात्रपाळीचा_डॉक्टर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत. ताप असेल तर गाडी काढा. ताप नसेल तर आधी खोलीत उपाय करा, पण घड्याळ लावून.

एसएस मुलाला ताप म्हणजे सर्दी-पडसं धरायचं नाही. त्यांची प्लीहा आकाराने मोठी असली तरी कामाला कमी पडते. न्यूमोकॉकससारखे जंतू रक्तातून गाळायचं तिचं काम होत नाही, आणि संध्याकाळी खेळणारं मूल पहाटे शॉकमध्ये जाऊ शकतं. तोंडात १०१ फॅरनहाइट किंवा वर आला की निघायचं. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, तिथे १००.५ ला निघा. पॅरासिटामॉल द्या, पण ताप उतरला म्हणून निघायचं रद्द करू नका. सगळ्यात जास्त घात याच चुकीने होतो.

रुग्णालयातल्या सहकाऱ्यांसाठी: कल्चरची (रक्तातले जंतू वाढवून बघायची) सोय नाही म्हणून सेफ्ट्रिअॅक्सोनचा (अँटिबायोटिकचा) पहिला डोस थांबवू नका. आणि ‘सिकल आहे ना, लाव दोन बाटल्या’ हे बंद करा. तोंडाने पिणारं मूल असेल तर सलाईन लागतच नाही. लागलं तर तोंडाचं आणि शिरेचं मिळून रोजच्या गरजेच्या दीडपटीवर जाऊ नये. जादा पाणी फुफ्फुसात उतरतं, आणि छातीचं जे संकट टाळायला बघतो तेच ओढवतं.

ताप नाही, नुसतं दुखणं: पॅरासिटामॉल किलोला १५ मिग्रॅ, सहा तासांनी, दिवसात चारच वेळा. २० किलोच्या मुलाला ३०० मिग्रॅ. सिरप ५ मिलीत २५० वालं असेल तर ६ मिली, १२० वालं असेल तर साडेबारा मिली. कपाटात दोन्ही बाटल्या शेजारी ठेवू नका. नेमकी चुकीची उचलली जाते. तासाभरात उतार नाही तर आयबुप्रोफेन किलोला १० मिग्रॅ, काही खाऊ घालून, आठ तासांनी. उलट्या-जुलाब, लघवी कमी, किंवा गावात डेंगी असेल तर आयबुप्रोफेन नाही. जोडीला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आणि पाणी. बर्फ कधीच नाही, थंडीने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. दोन-तीन तासांत मूल झोपलं नाही किंवा खेळायला लागलं नाही तर निघा.

पुढचं काहीही दिसलं तर तासांचा हिशेबच नाही, १०८ ला फोन:
छातीत दुखणं, धाप, ऑक्सिजन ९४ च्या खाली. तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं अडखळलं. अचानक पांढरं पडणं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगणं. पोराचं लिंग ताठ राहून दुखतंय आणि दोन तासांत उतरत नाही. हे शेवटचं मुलं लाजून सांगत नाहीत. पुरुष शिक्षकाने सातवीच्या पुढच्या एसएस मुलांना एकदा आडपडदा न ठेवता सांगून ठेवावं.

गोळी_मोजणारा

लोहाच्या गोळीचं माझ्याकडून. एएस मुलांना इतरांसारखीच द्या, त्यांना वेगळा नियम नाही. एसएस मुलांना सरसकट देऊ नका. त्यांच्या पेशी लवकर फुटतात, लोह शरीरातच राहतं, वर रक्त चढवलेलं असेल तर साठा वाढत जातो. फेरिटिन (लोहाचा साठा) बघून डॉक्टरने लिहिली तरच. त्यांना रोज लागते ती फॉलिक अॅसिडची ५ मिग्रॅची छोटी गोळी. घोळ असा की निळ्या गोळीतही फॉलिक असतं, म्हणून ‘तीच पुरे’ म्हणतात. तिच्यात फक्त अर्धा मिग्रॅ आहे.

हायड्रॉक्सियुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं रोजचं औषध) चालू असेल तर: किलोला १० मिग्रॅपासून सुरुवात, पुढे रक्त बघून वाढवतात. रोज एकाच वेळी, रात्रीच्या जेवणानंतरची वेळ वसतिगृहाला बरी पडते. चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल नाही. सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मात्रा बसली की दोन-तीन महिन्यांनी. प्लेटलेट ८०,००० च्या खाली किंवा न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १२५०-१५०० च्या खाली गेले की डॉक्टर औषध थांबवून आकडे सुधारल्यावर पुन्हा सुरू करतात. कायमचं बंद करायचं नसतं, हे पालकांना सांगा. फायदा दिसायला तीन ते सहा महिने जातात, आणि बहुतेक पोरं दुसऱ्या महिन्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. गोळी खरंच पोटात जाते का ते सीबीसीतल्या एमसीव्हीवर (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) कळतं, महिन्यांगणिक तो वर चढायला हवा.

कॅप्सूल उघडून पाण्यात कालवायची वेळ आली तर हातमोजे घालून. गरोदर बाईने हाताळू नये, मग ती स्वयंपाकीण असो की शिक्षिका. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये डबा ठेवू नका. भिंतीतला कोनाडा बरा.

घाटावरचा_अधीक्षक

फार उपयोगी. एक सुटलं. एसएस पोरांपैकी दोघं रात्री अंथरुण ओलं करतात, म्हणून संध्याकाळी सहानंतर त्यांचं पाणी बंद केलंय. बरोबर ना?

सिस्टर_तळोदा

नाही सर, आजच सुरू करा! ती सवय नाही, मूत्रपिंडाचा दोष आहे. सिकल पेशी मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला इजा करतात, मग लघवी दाट करता येत नाही. शरीरात पाणी कमी असलं तरी ती पातळच आणि भरपूर होते. पाणी तोडलं की लघवी थांबत नाही, रक्त तेवढं दाट होतं, आणि पहाटे दुखणं सुरू होतं. २० किलोच्या मुलाला दिवसाला दीड लिटर, ३० किलोच्याला पावणेदोन, उन्हाळ्यात त्याच्या दीडपट. प्रत्येकाला लिटरची खूण केलेली बाटली द्या. नुसतं ‘पाणी पी’ म्हणून मोजता येत नाही. रात्री दहाला आणि दोनला उठवून बाहेर न्या. खाली मेणकापड, खाट संडासाच्या दाराजवळ. वर्गशिक्षकांनाही सांगा, तास चालू असतानाही बाहेर जाऊ द्यायचं.

आंघोळ. तोरणमाळच्या अंगाला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं हौदाचं पाणी अंगावर घेणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. एसएस पोरांची आंघोळ दुपारी, किंवा कोमट पाण्याने. ओले कपडे अंगावर वाळवू देऊ नका. पावसात भिजून आलं की आधी कपडे बदल, मग हजेरी. खेळू द्या, पण दर वीस मिनिटांनी पाणी आणि थांबा. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा यांना कधीच नाही.

प्लीहा बघायला शिका. मूल उताणं, गुडघे दुमडलेले. बेंबीच्या उजव्या खालच्या अंगापासून डाव्या बरगडीकडे बोटं हलक्याने सरकवत न्यायची, मूल श्वास घेईल तेव्हा कडा बोटाला लागते. बरगडीखाली किती बोटं ते वहीत लिहायचं, दर आठवड्याला. आपल्याकडे मोठ्या मुलांतही ती हाताला लागते, त्यामुळे लागली म्हणून घाबरायचं नाही. गेल्या आठवड्यात दोन बोटं आणि आज पाच, मूल फिकं आणि मलूल, तर धावायचं. अशा वेळी रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच न्या, मधल्या दवाखान्यात तास घालवू नका.

डोळे पिवळे दिसले म्हणून वेगळं बसवू नका. पेशी फुटल्याचा तो रंग, लागत नाही कुणाला. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊन पाला पाजतात, पथ्य म्हणून डाळ-तेल तोडतात, आणि आधीच बारीक पोर आणखी वाळतं. मात्र नेहमीपेक्षा एकदम गडद पिवळं, ताप किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं असेल तर तपासा. पित्तखडे यांना लहान वयात होतात.

आणि मच्छरदाणी. ‘सिकलवाल्याला हिवताप होत नाही’ हे वाहकांच्या बाबतीत अर्धं खरं आहे. एसएसला हिवताप झाला तर तो जास्त भारी पडतो.

जांभळं_झाकण

सिस्टरना दुजोरा. मूल अचानक पांढरं पडलं पण प्लीहा जागच्या जागी, तर रेटिक्युलोसाइट (नव्याने बनलेल्या तांबड्या पेशी) मोजायला सांगा. आकडा तळाला गेलेला असेल तर पार्व्होव्हायरसने अस्थिमज्जा काही दिवस बंद पडलेली असते. एकाला झालं की त्याच खोलीतल्या दुसऱ्या एसएस मुलाचंही हिमोग्लोबिन लगेच बघा, विषाणू पसरतो.

घाटावरचा_अधीक्षक

पाणी सुरू केलं. आणखी दोन अडचणी. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, एखाद्या पोराला सोबत नेतात, ते फाल्गुनात होळीला परत. तेव्हा औषध तुटतं. दुसरं, एएस मुलींचे पालक विचारतात, लग्नाला अडचण येणार का.

गोळी_मोजणारा

जायच्या आधी सीबीसी करून घ्या, तो बरा असेल तरच जास्त दिवसांचं औषध मिळेल. फॉलिक मात्र अख्ख्या हंगामाचं द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चिठ्ठी: निदान, वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन, नेहमीची प्लीहा किती बोटं, रक्तगट, औषधांची मात्रा. मराठीत आणि गुजरातीत दोन्ही. ‘नेहमीचं हिमोग्लोबिन’ यासाठी की ८ वर मजेत हिंडणाऱ्या एसएस पोराला अनोळखी दवाखान्यात ८ बघून रक्त चढवतात, गरज नसताना.

सिस्टर_तळोदा

लग्नाचं. वाहक म्हणजे आजारी नाही, लग्नाला आडकाठी काही नाही. जोडीदाराची तपासणी तेवढी हवी. एक वाहक, दुसरा निरोगी: आजारी मूल होत नाही, निम्मी शक्यता वाहक होण्याची. दोघं वाहक: प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता एसएसची. ‘प्रत्येक खेपेला’ यावर बोट ठेवा, कारण ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असं लोक धरून चालतात. दोघंही वाहक असतील तर गरोदरपणात १० ते १२ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी होते. म्हणजे पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवायला हवं, चौथ्या महिन्यात नाही. आणि सासरचे फक्त सुनेचं रक्त तपासायला पाठवतात, तिथे अडून बसा. पोराचंही घ्या.

रात्रपाळीचा_डॉक्टर

कागदाचं. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र एसएस आणि सिकल-थॅलेसेमियाला, वाहकाला नाही. एचपीएलसीचा रिपोर्ट आणि दाखल झाल्याची डिस्चार्ज कार्डं जपून ठेवा, टक्केवारी त्यावरून ठरते. ४० टक्के किंवा वर असेल तर दहावीला तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो, अर्ज मात्र शाळेने वेळेत करायचा असतो. २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी आहे, तेव्हा पथक पुन्हा आलं की पालकांनाही रांगेत उभं करा.

घाटावरचा_अधीक्षक

सहा जणांचे नमुने मंगळवारी जातायत, नळ्या आणि बर्फाच्या पिशवीमध्ये कागद घालून. यादी ऑफिसच्या फळ्यावर लावली होती, ती काढू का?

सिस्टर_तळोदा

हो सर, लगेच. तीन एसएस मुलांची नावं, वजनं आणि औषधाची मात्रा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूने चिकटवा, रात्रपाळीच्या माणसाला दिसली म्हणजे झालं. एकोणीस वाहकांची यादी कुलपात. आणि थर्मामीटर दोन घ्या, एकाचा सेल गेलेलाच असतो.