गुडघेदुखीची गोळी रोज चालू आहे आणि पायांवर सूज आली आहे: काय करावे?

प्रश्न

माझ्या आईचे वय ६८ आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून डॉक्टरांनी तिला असेक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची एकत्रित गोळी पाच दिवसांसाठी लिहून दिली होती. ते पाच दिवस केव्हाच सरले. गेले आठ महिने ती मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवून तीच गोळी आणते आणि सकाळ-संध्याकाळ घेते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची गोळी चालू आहे. पंधरा दिवसांपासून पावले सुजतात, बोटाने दाबले की खळगा राहतो, आणि जोडवी रुतू लागल्यामुळे तिने ती काढून डबीत ठेवली आहेत. वरचा रक्तदाब १३० च्या आसपास असे, तो आता १५८ भरला. गोळी चुकली तर मात्र जिना उतरवत नाही. गोळीऐवजी इंजेक्शन किंवा मलम चालेल का?

उत्तर १

मी बावीस वर्षे औषधांच्या दुकानात उभा आहे, त्यामुळे रिकामी स्ट्रिप दाखवणारे ग्राहक मला चांगलेच परिचयाचे आहेत. चिठ्ठी मागितली की ते शेजारच्या दुकानात जातात, हेही खरे. पण म्हणून आमची जबाबदारी संपत नाही.

आपल्या आईंच्या बाबतीत माझे लक्ष गुडघ्याच्या गोळीपेक्षा तिच्या जोडीला चाललेल्या औषधांकडे गेले. टेल्मिसार्टनसारखे औषध, हायड्रोक्लोरोथायझाइडसारखे लघवी वाढवणारे औषध आणि सूज उतरवणारे वेदनाशामक ही तिन्ही एकाच वेळी पोटात जाऊ लागली, की मूत्रपिंडावर तिहेरी ताण पडतो. त्यात जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले गेले, तर मूत्रपिंड अचानक मंदावू शकते. डॉक्टरांना उद्याच दाखवा, तोवर वेदनाशामक थांबवा आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावले की हे वाढते) व पोटॅशियम तपासून घ्या. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उत्तर २

मी निवृत्त फिजिशियन आहे. वरील उत्तराशी सहमत असून थोडी कारणमीमांसा जोडतो.

ही वेदनाशामके शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये कमी करतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सांध्यातील ठणका आणि सूज या द्रव्यांमुळे वाढते, म्हणून गोळीने आराम पडतो. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडात रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी मोकळी ठेवतात. गोळीने ती घटली, की पायावर पाणी धरते आणि रक्तदाब चढतो. इंजेक्शन दिल्याने जठर वाचते हा समज चुकीचा आहे, कारण औषध रक्तावाटे तेथे पोहोचतेच. डांबरासारखे काळे शौच झाले, तर पोटात दुखत नसले तरी थेट रुग्णालय गाठावे.

पोटाला सौम्य म्हणून एटोरिकॉक्सिब हे वेदनाशामक सर्रास लिहिले जाते. पोटाचा धोका त्याने थोडा कमी होतो. हृदयाचा होत नाही. त्याच गटातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ मध्ये जगभर मागे घेतले गेले, आणि रक्तदाब १४०/९० च्या वर असताना एटोरिकॉक्सिब देऊच नये. आपल्याकडची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली तीही याच कुळातील डायक्लोफेनॅकमुळे: ते दिलेल्या मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन, मूत्रपिंडे निकामी होऊन. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद झाला. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, एवढेच.

मलमाचा विचार योग्य आहे. गुडघा त्वचेच्या जवळ असल्याने डायक्लोफेनॅकचे जेल तेथे उपयोगी पडते आणि रक्तात फार थोडे उतरते. तरी आईंच्या रक्ततपासणीनंतर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. खरा आधार मांडीच्या स्नायूंचा आहे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबून धरावी, दहा-दहा वेळा, रोज.

उत्तर ३

मला आमवात आहे, म्हणजे झिजेचा नव्हे, प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो. सकाळी बोटे तास-दीड तास आखडलेली असत आणि कुकरचे झाकणही लावता येत नसे. दोन वर्षे मी वेदनाशामकांवर काढली. दुखणे दबले, म्हणून मी निश्चिंत राहिले. आत सांधे खराब होतच होते. ही गोळी तो नाश थांबवत नाही. आता प्रतिकारशक्तीला आवर घालणारे, आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट चालू आहे, आणि वेदनाशामक ठणका उसळला तर दोन-चार दिवस, जेवणानंतर, पोटातील आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलसह घेते. तेही माझे मूत्रपिंड ठीक आहे म्हणून डॉक्टरांनी मुभा दिली आहे. औषधाला सरसकट विष म्हणणे मला पटत नाही. त्या दोन-चार दिवसांत तेच मला उभे करते.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे आभार. आईचे क्रिएटिनिन १.६ आले, गेल्या वर्षी ते ०.९ होते. डॉक्टरांनी गोळी बंद केली, रक्तदाबाचे औषध बदलले, आणि तीन आठवड्यांनंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१ वर आले. त्यानंतर जेल सुरू केले आहे आणि गरजेपुरते साधे पॅरासिटामॉल. जिना अजूनही ती कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. काल चष्म्याच्या डबीत त्याच गोळ्यांची अर्धी स्ट्रिप सापडली, विचारले तर म्हणाली, "लग्नाला जायचे आहे ना परवा, तेवढ्यापुरती."